पहिला विस्तव पेटवण्याआधी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू सांगितलंस, बाहेर उणे ३० आहे आणि त्या जुन्या घराला ऊब द्यायला कोळशाचे दोन स्टोव्ह तेवढे आहेत. फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. दोन हिवाळे मी अशाच घरात काढलेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी स्टोव्हच्या तळाशी जाळी आहे का बघ. लाकडाला वरून मिळालेली हवा चालते, पण दगडी कोळशाला ती खालून, जाळीतून लागते. जाळी नसेल तर तो स्टोव्ह लाकडाचा आहे. त्यात कोळसा घालूच नकोस.

थंडगार धुराड्यात ओढ नसते, म्हणून आधी कागद आणि बारीक ढलप्या पेटवून धुराडं तापव. लाकडाचे लालबुंद निखारे झाले की मूठभर कोळसा पसर. तो तडतडायला लागला की आणखी घाल, आणि मग चांगला जाड थर होऊ दे. पातळ थर टिकत नाही. पेटवायला रॉकेल मात्र कधीही ओतू नकोस. कडक, चकचकीत कोळसा, म्हणजे अँथ्रासाइट, पेटायला हट्टी असतो, पण एकदा पेटला की फारसा धूर न करता रात्रभर धगधगतो. त्याला वरून टोचायचं नाही. टोचलास की विझलाच म्हणून समज. जाळी खालून हलव आणि राखेत लाल ठिणग्या पडायला लागल्या की थांब. मऊ कोळसा असेल तर नवा घालताना सगळे निखारे झाकू नकोस, एका कोपऱ्यात लाल भाग उघडा ठेव. कोळशातून सुटणारा वायू तिथे लगेच पेटतो. नाही तर तो आत साठतो आणि एकदम भडका होऊन स्टोव्हचं दार उघडतं.

राखेचं तसराळं दिवसातून दोनदा रिकामं कर. ते भरलं की खालून हवा जात नाही आणि जाळीच तापून वाकते. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून घराबाहेर, लाकडापासून लांब ठेव. वरून गार दिसली तरी आत निखारे दोन-दोन दिवस जिवंत असतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. तू चार वर्षांची होतीस. आठवडाभर कडाका होता, आणि एका रात्री बाहेरची थंडी एकाएकी ओसरली. घर उकडायला लागलं म्हणून मी हवेची झडप जवळजवळ बंद केली आणि धुराड्याची झडपही ओढून घेतली. धुराडं ओढतं ते आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे. तो फरकच कमी झाला होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. पहाटे तुला उलटी झाली, बाबांचं डोकं दुखत होतं, आणि ताप मात्र कुणालाच नव्हता. तुला कडेवर घेऊन मी अंगणात गेले, तशी तू पाच-दहा मिनिटांत टवटवीत झालीस. तेव्हा कळलं, स्टोव्हचा विषारी वायू धुराड्यातून न जाता घरात साठला होता. त्या वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. त्या पहाटेचा विचार आला की आजही माझ्या हातांना घाम सुटतो.

म्हणून हा वायू ओळखून गजर करणारा डिटेक्टर आधी लाव आणि मगच विस्तव पेटव. एक झोपायच्या खोलीजवळ, आणि घराला मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर एक. धुराड्याची झडप रात्री पूर्ण बंद करायची नाही, कितीही उकडलं तरी. त्यापेक्षा खोलीचं दार उघड. फटी बुजवताना स्टोव्हला लागणारी हवा बंद होणार नाही हे बघ, आणि तो पेटलेला असताना स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा लावू नकोस. तो धूर उलटा ओढतो.

न वापरणाऱ्या खोल्या बंद ठेव, पण ज्यांच्यातून पाण्याचे नळ जातात त्या नको. कडाक्याच्या रात्री एक नळ बारीक धारेने चालू ठेव, म्हणजे पाणी आत गोठणार नाही.

धुराड्याच्या नळीचे सांधे आणि कोपर यांचे फोटो काढून आजच पाठव. धुराडं साफ करणारा माणूस येऊन जाईपर्यंत शेजारच्यांकडे झोप. मी त्यांच्याशी बोलले आहे, खोली रिकामी आहे.

तुझी
आई