पाच मिनिटांचा पेंग्विन आणि आमची चिकणमाती

संपादक महोदय, नमस्कार,

माझा नातू चार वर्षांचा. त्याची आई कोंकणीतून बोलते, मी आणि त्याची आजी मराठीतून, शाळेत इंग्लिश, त्यामुळे कार्टून कुठल्या भाषेत लावायचं यावरून आमच्या घरात रोज विधानसभेचं अधिवेशन. ते मिटवलं पिंगूने. 1990 साली सुरू झालेली ही स्विस मालिका, ओटमार गुटमानची, चिकणमातीचा पेंग्विन आणि एक भाग जेमतेम पाच मिनिटांचा. भाषा कुठलीच नाही, नुसती बडबड, सुरुवातीच्या भागांत तर सगळ्यांचे आवाज कार्लो बोनोमी या एकाच इटालियन माणसाने काढलेत. पिंगू चोच भोंग्यासारखी लांब करून 'नूट नूट' करतो आणि आमचा नातू शितकढीचा घास तोंडात ठेवून तेच करतो, पुढचं सांगत नाही!

हे लिहायचं कारण वेगळंच. गणेशचवथीच्या आधी त्याला शेजारच्या चित्रशाळेत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात तिथे, नेलं होतं, मूर्तिकाराने मातीचा गोळा दिला, त्याचा झाला पेंग्विन (चोच बदकाची, असो). मग मूर्तिकाराने सोंडेचं काम बाजूला ठेवून त्या पेंग्विनचा पाय थोडाथोडा हलवला आणि दर वेळी मोबाइलवर फोटो, असे 24. भराभर फिरवल्यावर पेंग्विन दोन सेकंद चालला आणि अख्खी चित्रशाळा खोखो हसली. टीव्हीला सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 फोटो, धरा, पाच मिनिटांच्या 7500, एका पोझचे दोनदोन फोटो घेतले तरी पावणेचार हजार वेळा माती हलवायची, कठीण आहे, कबूल.

पण गणपतीचे डोळे आखताना श्वास रोखून बसणारी माणसं आपल्याकडे आहेतच की, पणजीत आल्तिनोला कला महाविद्यालय आहे, 2004 पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव इथे गोव्यात होतोय, मग पाच मिनिटांचं एक गोंयचं मातीचं कार्टून कुणी का करू नये? माटोळीतली, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती, फळं उतरवणारा उंदीर चालेल, संवाद नकोतच, म्हणजे मराठी की कोंकणी हा वादही नको. चवथ झाली की चित्रशाळा रिकाम्याच असतात. तिथेही जागा नसेल तर आमच्या पडवीचा कोपरा देतो, फक्त मांजर बांधून ठेवावं लागेल.

आपला,
एक आजोबा, डिचोली