उंची मोजता, छाती मोजता, हातही मोजा

महोदय,

माझ्या पुतण्याची मुलगी यंदा लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन फौजदार झाली. निकाल लागला त्या रात्रीच ती पेढे घेऊन आली, पाया पडली आणि पेढा हातावर ठेवता ठेवता विचारलं, ‘‘आबा, पिस्तूल कुठलं घेऊ?’’

मी पोलीस खात्यात ३३ वर्षं नोकरी केली. त्यातली १९ वर्षं जिल्हा मुख्यालयाच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, गेली. हत्यार देणं, घेणं, साफ करणं, किरकोळ दुरुस्ती आणि फायरिंगच्या दिवशी बटवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, उभं राहणं हेच माझं काम. तेव्हा हा प्रश्न मला विचारला गेला यात नवल नाही. पण त्या एका प्रश्नावरून इतकं काही आठवलं की हे पत्र लिहायला बसलो. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

पोरीने मोबाइलवर अमेरिकेतल्या नव्या पोलिसांची चित्रफीत पाहिली होती. तिकडच्या काही खात्यांत रिक्रूटला हत्यार निवडता येतं, हे खरं आहे. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी १९९३ मध्ये ३८ बोरचं, म्हणजे त्या मापाच्या नळीचं, रिव्हॉल्व्हर सोडून ९ एमएम पिस्तूल घेतलं. त्यानंतर बरीच वर्षं तिथल्या नव्या पोलिसापुढे तीन मंजूर पिस्तुलं असायची: ग्लॉक १९, सिग सावर २२६ आणि स्मिथ अँड वेसन ५९४६. जे हातात बसेल ते त्याने घ्यायचं. आपल्याकडे तसं नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे ९ एमएम हा प्रतिबंधित बोर आहे, तो साध्या खासगी परवान्यावर मिळत नाही. ड्युटीचं पिस्तूल सरकारचं असतं. त्याचा नंबर रजिस्टरला तुमच्या नावापुढे चढतो, तुम्ही सही करता, राऊंड, म्हणजे काडतुसं, मोजून घेता आणि मोजून परत देता. मी तिला म्हटलं, ‘‘पोरी, तू घ्यायचं नाहीस. तुला मिळणार आहे.’’

‘‘मग मला हवं तसं नाही मिळालं तर?’’

तिचा हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे, आणि तो खात्यापर्यंत पोचावा म्हणून मी आपल्या वृत्तपत्राकडे आलो आहे.

शिपाई भरतीत आपण काय काय मोजतो ते पाहा. मुलाची उंची १६५ सेंटिमीटर, मुलीची १५५. मुलाची छाती ७९, वर फुगवून पाच. मुलगा १६०० मीटर धावतो, मुलगी ८०० मीटर. मुलाचा गोळा ७.२६ किलोचा, मुलीचा चार किलोचा. बुटाचा नंबर घेतात, टोपीचा घेतात, गणवेशाचं माप घेतात. ज्या हातात जिवंत राऊंड भरलेलं हत्यार द्यायचं, तो हात मात्र कुणी मोजत नाही. कोतच्या खिडकीतून जे पिस्तूल पुढे येईल ते घ्यायचं. मीसुद्धा तसंच देत होतो. रजिस्टरमध्ये पुढचा नंबर कुठला, एवढंच मी बघायचो.

माझे डोळे उघडले ते एका वार्षिक फायरिंगच्या दिवशी. मुख्यालयाचं नाव लिहीत नाही. एक तरुण महिला फौजदार होत्या, अंगाने बारीक, हात लहान. दहा राऊंडपैकी दोनच निशाणीवर लागले, बाकी सगळे खाली डावीकडे. वरच्या अधिकाऱ्यांनी सगळ्यांदेखत ‘मनगटात ताकद नाही’ असं म्हणून शेरा लिहिला. त्या काहीच बोलल्या नाहीत. बाजूला येऊन उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचू लागल्या. फायरिंगनंतर पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात, ते काम शिपायांचं असतं, पण त्या खाली बसून वेचत होत्या. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी त्यांचा हात लाल झालेला मला दिसला.

तिथं मला शंका आली. पिस्तूल हातात नीट बसलं असेल तर नळी, मनगट आणि कोपर एका रेषेत येतात आणि धक्का अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात बसतो. अंगठ्याच्या बुडाशी बसत नाही. मी पिस्तूल खाली, म्हणजे रिकामं, केलं, चेंबर (नळीच्या मागचं राऊंड बसायचं घर) दोनदा बघितला आणि त्यांना रिकामं धरायला सांगितलं. तर्जनीचं टोक ट्रिगरला कसंबसं टेकत होतं. बोट पोचावं म्हणून त्यांनी पूर्ण पिस्तूल हातातल्या हातात उजवीकडे फिरवून घेतलं होतं. बोटाच्या अगदी टोकाने ट्रिगर ओढला की तो सरळ मागे येत नाही, बाजूला ढकलला जातो, आणि नळी त्याच्याबरोबर जाते. यात मनगटाचा काही दोष नव्हता.

त्यांच्याकडे ग्लॉक होतं. मी कोतमधून ईशापूरच्या कारखान्याचं जुनं ९ एमएम आणून दिलं, ज्याला सगळे ब्राउनिंग म्हणतात. मुठीत बसणाऱ्या मॅगझीनमध्ये १३ राऊंड, वजन भरून किलोच्या आसपास, ग्लॉकपेक्षा बरंच जड. पण त्याची मूठ बारीक. १९३५ साली बेल्जियममध्ये आलेल्या पिस्तुलाची ही नक्कल, पण मुठीच्या बाबतीत आजही कित्येक नव्या पिस्तुलांना भारी आहे. दुपारी अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन पाच राऊंड दिले. पाचही निशाणीवर, आणि ग्रुपिंग, म्हणजे पाच गोळ्यांचा घोळका, माझ्या तळव्याएवढं. त्या दिवशी त्या बाईंच्या तोंडावर जे समाधान आलं ते मला अजून आठवतं. शेरा मात्र तसाच राहिला, कारण फायरिंगची नोंद सकाळची होती.

हे लिहिताना मला लाज वाटते की ही साधी गोष्ट कळायला माझी अर्धी नोकरी गेली. आपल्या पोलीस भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. म्हणजे लहान हात हा आता अपवाद राहिलेला नाही. लहान हाताचे पुरुषही असतात, ते लाजेने बोलत नाहीत एवढंच. उपायही फार दूरचा नाही. २०१० पासूनच्या चौथ्या पिढीच्या ग्लॉकबरोबर मुठीच्या पाठीला बसवायचे वेगवेगळ्या जाडीचे तुकडे डब्यातच येतात. एक पिन काढायची, तुकडा बदलायचा, पिन परत लावायची, पाच मिनिटांचं काम. एका ठिकाणी हे तुकडे मी प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद पाहिले आहेत, डबे येऊन कित्येक वर्षं झालेली. कुणी फोडून बघितलेच नव्हते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. एकदा दिलेलं हत्यार वरचेवर बदलू नये. आज ब्राउनिंग, पुढच्या बंदोबस्ताला ग्लॉक, तिसऱ्या वेळी जुनं रिव्हॉल्व्हर, असं नव्या माणसाच्या बाबतीत करणं धोक्याचं आहे. कारण प्रत्येकाची सवय वेगळी. ब्राउनिंगच्या मूळ रचनेत मॅगझीन काढलं की ट्रिगर दाबूनही गोळी सुटत नाही. ग्लॉकमध्ये मॅगझीन काढलं तरी चेंबरमधला राऊंड सुटतो. शिवाय ग्लॉक साफ करायला उघडायचं तर आधी ट्रिगर दाबावाच लागतो. ब्राउनिंगवर शिकलेल्या माणसाच्या डोक्यात ‘मॅगझीन निघालं म्हणजे हत्यार खाली झालं’ हे पक्कं बसलेलं असतं. आमच्याकडे एका पोराने रात्रपाळीवरून येऊन आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढली आणि मग मॅगझीन काढलं. स्लाइड पुढे जाताना वरचा राऊंड चेंबरमध्ये गेला होता. त्याने साफ करायला म्हणून ट्रिगर दाबला. गोळी कोतच्या दारातल्या वाळूच्या पेटीत गेली, कारण नळी तिकडे रोखायची सवय मी सगळ्यांना लावली होती. त्या पेटीवरून मी वर्षानुवर्षं लोकांशी भांडत होतो. त्या रात्री तिने एक जीव वाचवला. त्या पोराचे हात तासभर थरथरत होते. त्याला शिक्षा झाली. त्याला आठवड्यापूर्वीच हत्यार बदलून मिळालं होतं आणि पंधरा मिनिटंसुद्धा कुणी शिकवलं नव्हतं, याची चौकशीत नोंद झाली नाही.

म्हणून मी आमच्या पोरीला पहिला धडा दिला तो हाच: आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड मागे, मग डोळ्याने चेंबर बघायचा, मग करंगळी घालून बघायची, कारण रात्री डोळा फसतो. नळी कायम वाळूकडे. कुठलंही पिस्तूल असो, क्रम बदलायचा नाही. स्लाइड जड जाते म्हणून पोरी घाबरतात. चिमटीत धरून मागे ओढायची नाही. वरून अख्ख्या मुठीत धरायची आणि पिस्तुलाचा हात पुढे ढकलायचा. सगळ्या अंगाचा जोर मिळतो. स्वयंपाकघरात पाटा सरकवणाऱ्या बाईला यात काहीच अवघड नाही.

सरावाचंही लिहायला हवं. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. सीएसटीवर आमच्या माणसांच्या हातात ३०३ रायफली आणि काठ्या होत्या. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी रिकाम्या हातांनी एके-४७ ची नळी धरून ठेवली आणि प्राण दिला. अशोकचक्र मिळालेला तो सहायक फौजदार आमच्याच सातारा जिल्ह्यातला. त्यांचं नाव घेताना आजही माझा गळा दाटतो. त्यानंतर नवी हत्यारं आली. पण नवं हत्यार वर्षातून एकदा हातात घेणाऱ्यापेक्षा जुनं हत्यार रोज हाताळणारा मला कधीही जास्त भरवशाचा वाटतो. राऊंड महाग आहेत, कमी मिळतात, हे मला माहीत आहे. ड्राय प्रॅक्टिसला, म्हणजे रिकाम्या हत्याराच्या सरावाला, मात्र एक पैसा लागत नाही. हत्यार खाली करायचं, राऊंड दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायचे, स्लाइडवर माशीच्या (नेम धरायच्या पुढच्या खुंटीच्या) मागे एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ट्रिगर दाबायचा. नाणं पडलं म्हणजे झटका दिला. सलग वीस वेळा नाणं न पडता ट्रिगर दाबता आला की मग बटवर या, असं मी नव्या पोरांना सांगायचो. ज्यांनी मनापासून केलं त्यांना पुढे कधी शिकवावं लागलं नाही.

एक सूचना नव्या पोरांसाठी. नोकरी लागली की काहींना खासगी परवान्यावर ३२ बोरचं रिव्हॉल्व्हर घ्यायची घाई होते. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढलं, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या वाटेला जाऊ नका. हलकं आणि आखूड हत्यार पर्समध्ये बरं, पण ते हातात जास्त उडतं आणि निशाणी धरायला जास्त अवघड असतं. वर कर्ज काढून घेतलेलं हत्यार घरात लहान लेकरांच्या मधे ठेवायचं. ते पैसे आईच्या हातात द्या.

चामडी होल्स्टरबद्दलही सांगतो. पावसाळ्यात ड्युटीवरून आल्यावर पिस्तूल त्यातच ठेवून दिलं तर चार दिवसांत नळीवर आणि स्लाइडवर तांबूस ठिपके दिसतात. चामडं ओल धरून ठेवतं. पिस्तूल बाहेर काढा, फुलथ्रू (नळी साफ करायची चिंदी लावलेली दोरी) मारा, चिंदीने कोरडं करा आणि तेलाचा हात पातळ फिरवा. थेंब गळेल इतकं तेल नको.

आमची पोरगी आता नाशिकला पोलीस प्रबोधिनीत प्रशिक्षणाला जाईल. जायच्या आधी तिला समोर बसवून मी वहीच्या पानावर तिचा उजवा हात पेन्सिलीने गिरवून घेतला. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसहा इंच भरला. बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं मापही लिहिलं आणि खाली तारीख टाकली. एक कागद तिच्याजवळ दिला, एक माझ्याकडे ठेवला. गृह खात्याने एवढंच करावं: प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात दाखल होताना असा एक कागद घ्यावा, तो हत्याराच्या नोंदीला जोडावा, आणि कोत हवालदाराने तो बघूनच पिस्तूल द्यावं. कागद कसा करायचा हे कुणाला शिकून घ्यायचं असेल तर मी कुठल्याही केंद्रावर स्वखर्चाने यायला तयार आहे. पेन्सिल आणि फूटपट्टी मी घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त कोत हवालदार
ता. कोरेगाव, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)