'खंडीत'मधली दीर्घ वेलांटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात याच सदरात एका वाचकाचं पत्र होतं. 'माणूस डोळे उघडतो तर भोवतालचं जगच निराळं' असल्या गोष्टी म्हणजे वास्तवाला पाठ दाखवणं, खऱ्या माणसांना असलं काही होत नसतं, असा त्यांचा सूर होता. तीन महिन्यांपूर्वी मीही मान डोलावली असती. मी ३४ वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली, आधी खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या अक्षरांची, मग संगणकाची. 'भोवतालचं सारं धूसर झालं' हे वाक्य इतक्यांदा डोळ्यांखालून गेलं आहे की असल्या कथांचा मला तिटकाराच होता. पण मध्यंतरी चार रात्री मी बोटीवर होतो. म्हणून हे पत्र.

झालं ते असं. न्हाणीघरात पाय घसरला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. वय ७६. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, मला अतिदक्षता विभागात ठेवलं. चष्मा आणि कानातलं यंत्र 'हरवायला नको' म्हणून मुलाच्या हाती दिलं, ते त्याने इमानेइतबारे घरी नेऊन कपाटात ठेवलं. खिडकी नव्हती. घड्याळ असलं तरी चष्म्याशिवाय दिसणार कुठून? दिवे रात्रंदिवस चालू. दर दोन-तीन तासांनी कोणी रक्त घ्यायचं, कोणी दंडाला पट्टा आवळायचं. पहिली रात्र अशीच जागून गेली. दुसऱ्या संध्याकाळी मला कळलं की आपण बोटीत आहोत.

'कळलं' हा शब्द जाणूनबुजून लिहितो आहे. वाटलं नाही, भासलं नाही. कळलं.

लहानपणी मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने विजयदुर्गला जायचो. बोट लागू नये म्हणून आईच्या पदराला लिंबू बांधलेलं असे. बोट किनाऱ्यापासून दूर उभी राहायची, तिकडून पडाव यायचे आणि ट्रंका, पोरं, म्हाताऱ्या सगळ्यांना हातोहात खाली घ्यायचे. पडाव चुकला तर बोट थेट देवगडला जाणार, ही माझी तेव्हाची सगळ्यात मोठी भीती. पुढे बोटी बंद पडल्या, मीही ते सगळं विसरलो. निदान तशी माझी समजूत होती. आता यंत्रांची घरघर म्हणजे इंजिन झालं, हिरव्या कपड्यांतली माणसं खलाशी झाली, फिनेलचा वास म्हणजे डेक धुतलेला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी दिली होती. ती आळीपाळीने एका बाजूने फुगते आणि दुसऱ्या बाजूने बसते, म्हणजे खाट खरोखरच डुलत होती! सांगा, काय चुकत होतं माझं?

सौ. भेटायला आली. चेहरा तिचा, साडी तिची, पण ही ती नव्हे, हे मी लगेच ओळखलं. खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, "माझ्या आजोळी विहिरीजवळ कसलं झाड होतं?" ती म्हणाली, "रातांब्याचं. अहो, मी आहे." उत्तर बरोबर होतं. मी मनात म्हटलं, चांगलं पढवून आणलंय. तिने चुकीचं सांगितलं असतं तर ती तोतया ठरली असती. बरोबर सांगितलं म्हणून पक्की तोतया ठरली. हे आज लिहिताना हसू येतं, तेव्हा दातखीळ बसायची वेळ आली होती.

त्याच रात्री विजयदुर्ग आलं आणि मी उतरायला निघालो. सलाइन उपटलं, लघवीची नळी ओढली, पुष्कळ रक्त गेलं. मग त्यांनी माझे दोन्ही हात खाटेला बांधले. मी मोठमोठ्याने ओरडत होतो म्हणे. एक तरुण सिस्टर पुन्हा पुन्हा सांगत होती, "आजोबा, हे हॉस्पिटल आहे हो!" ती खोटं बोलते आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पहाटे पाळी बदलली आणि एक मावशी आल्या. त्या खाटेशी बसल्या, बांधलेल्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "विजयदुर्गाला अजून वेळ आहे, बाबा. आलं की उठवते." मी झोपलो. डॉक्टरांना हे पुढे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की रुग्णाला खरं तेच सांगावं, आपण कुठे आहोत, आज वार कोणता, मात्र वाद घालू नये. मावशींनी खरं सांगितलं नाही, पण वादही घातला नाही, आणि चार रात्रींत तेवढीच माझी झोप झाली.

याला डिलिरियम म्हणतात, हे मला बरं झाल्यावर कळलं. आपल्याकडे 'वात झाला', 'बरळतो आहे' म्हणायचे, वैद्य सन्निपात म्हणायचे. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत हे पुष्कळ आढळतं. जंतुसंसर्ग, अंगातलं सोडियम घटणं, काही औषधं, वेदना, तुंबलेली लघवी, न झालेली झोप, यातलं काहीही पुरतं, आणि त्यात डोळे-कान काढून घेतले की झालंच. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं हळूहळू येतो, हे काही तासांत येतं, दिवसभरात कमी-जास्त होतं, संध्याकाळी वाढतं, आणि मूळ कारण सापडलं तर बहुतेकदा उतरतं. आमच्या मजल्यावर मात्र तोवर 'काकांचं डोकं गेलं' अशी बातमी फिरली होती. अजून काही जण माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलतात.

आता साहित्याकडे येतो. छापखान्यात नव्या पोराला आम्ही पहिल्यांदा एकच गोष्ट शिकवायचो: अर्थ लागू देऊ नकोस. अर्थ लागला की चूक दिसत नाही. डोळा अक्षर बघतच नाही, ओळखीचा शब्द बघतो आणि नसलेला काना आपल्या पदरचा घालतो. म्हणून महत्त्वाचा मथळा आम्ही शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे उलटा वाचायचो. अतिदक्षता विभागात माझ्या डोक्याने काही वेगळं केलं नाही. अक्षरं पुसट होती, त्याने ओळखीचा शब्द वाचला. शब्द साठ वर्षं जुना निघाला, इतकंच.

आणि म्हणून 'धूसर' या शब्दावर माझा राग आहे. तिथे काहीही धूसर नव्हतं. माझी बोट माझ्या डोंबिवलीतल्या दिवाणखान्यापेक्षा जास्त ठसठशीत होती. तिथल्या दोरखंडाचे पीळ मी मोजू शकलो असतो. संशय, गोंधळ, 'मी कुठे आहे?' हे सगळं बरं होताना आलं, भ्रमात असताना नव्हे. भ्रमात मी आयुष्यात कधी नव्हतो इतका निःशंक होतो. हे फार थोड्या लेखकांना साधलं आहे.

जयंत नारळीकरांना साधलं. 'गंगाधरपंतांचे पानिपत' मी पूर्वी वाचली होती, घरी आल्यावर मुद्दाम पुन्हा काढली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत ट्रकच्या अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे १४ जानेवारी १७६१ ला मराठे पानिपत जिंकले आहेत. धुकं नाही, स्वप्नातलं संगीत नाही. आगगाडी आहे, मुंबईत अजून इंग्रज आहेत, मुलाच्या कचेरीत चौकशी करावी तर त्या नावाचा कोणी नाहीच. सगळं वेळापत्रकाप्रमाणे. गंगाधरपंत काय करतात? टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकं उघडतात. मी सौ.ला रातांब्याचं झाड विचारलं, त्यातलाच प्रकार, फक्त ते विद्वान असल्यामुळे योग्य ठिकाणी गेले. तिथे बखरीत त्यांना सापडतं की गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून गेली, तिळभर फरकाने चुकली. तेवढ्या तिळावर अख्खा देश बदललेला. कथेतलं पुंजसिद्धांताचं स्पष्टीकरण मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं, आताही नाही. पण त्या तिळाची भीती आता कळते. माझं सोडियम किती उतरलं होतं ते डॉक्टरांनी कागदावर दाखवलं. आकडा पाहून मला तो तीळच आठवला.

आपल्या संतांच्या वाङ्मयातला दोरी-सापाचा दृष्टांत मात्र मला आता अर्धवट वाटतो, लहान तोंडी मोठा घास घेतो, क्षमा असावी. दिवा आणला की साप जातो म्हणतात. तिथे दिवा चोवीस तास होता आणि नळीचा साप जागचा हलला नाही. उलट दिवा मालवला असता तर बरं झालं असतं. त्यापेक्षा आमच्या आजीचं चकव्याबद्दलचं सांगणं व्यवहाराचं होतं. चकवा लागला, माणूस रानात त्याच त्या जागी फिरू लागला, तर धावाधाव करू नये. आहे तिथे बसावं, कोणाला तरी जवळ बसवावं, उजाडू द्यावं.

अतिदक्षता विभागाकडूनही मी याहून जास्त मागत नाही. रात्री शक्य तेवढे दिवे कमी करा. म्हाताऱ्याचा चष्मा आणि कानातलं यंत्र त्याच्या अंगावर राहू द्या, हरवलं तर हरवलं. समोर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि तारीख लावा. हात बांधण्याआधी घरच्या एका माणसाला आत घ्या. यातली एकही गोष्ट महाग नाही.

मी बोटीवरून उतरलो तो प्रसंग तुमच्याशी संबंधित आहे. सहाव्या दिवशी मला खिडकीच्या खोलीत हलवलं. मुलाने चष्मा आणला आणि सोबत तुमचा अंक. तो अंकही खलाशांनीच छापला असेल, या संशयाने मी वाचू लागलो. आतल्या पानावर चौकट होती: 'शुक्रवारी पाणीपुरवठा खंडीत'. ड ला दीर्घ वेलांटी! मी थबकलो. चार रात्री बोटीवर मला एकही चूक सापडली नव्हती. इंजिन, वास, डुलणं, पढवलेली बायको, सगळं निर्दोष जुळत होतं. आणि इथे शुद्ध 'खंडित' असताना कोणीतरी ड दीर्घ करून ठेवला होता. हा निष्काळजीपणा माझ्या डोक्यातून येणं शक्य नव्हतं. हा बाहेरच्या जगाचाच होता. मी सौ.कडे पाहिलं आणि म्हटलं, "पेन आहे का?" ती रडायला लागली.

गंगाधरपंतांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचं पान उरतं, पुरावा म्हणून. माझ्या पाकिटात तुमची ती चौकट आहे, वेलांटीवर लाल खूण केलेली. त्याबद्दल मनापासून आभार.

पण गेल्या गुरुवारच्या अंकात तुम्ही पुन्हा 'खंडीत' छापलं आहे. आता मी बरा आहे. कृपया सुधारावं.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
डोंबिवली