दत्ताला, भिंतींबद्दल

औरंगपुरा,
रविवार, रात्र

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. गुडघ्याचं लिहिलंस ते वाचलं. जन्मभर शिडीवर उभं राहिल्यावर दुसरं काय होणार लेका! तेल लावत जा.

पुतण्या शिकायला उत्तर आयर्लंडात आहे, डेरीत. आयर्लंड एक व्हावं म्हणणारे गावाला डेरी म्हणतात, ब्रिटनला धरून असणारे लंडनडेरी. सनदेत १६१३ पासून लंडनडेरीच, पण रस्त्यावरच्या पाट्यांवर 'लंडन' तेवढं रंग फासून मिटवलेलं. ऐकून हसूच आलं. १९८८ ला बाळासाहेबांनी सभेत औरंगाबादला संभाजीनगर म्हटलं, सरकारी शिक्का बसायला २०२३ उजाडलं. मधली सगळी वर्षं एकाच गल्लीत आपण एका पाटीवर हे नाव लिहिलं, शेजारच्या पाटीवर ते. पैसे दोघांनीही रोख दिले. उधारी ठेवली ती फक्त पुढाऱ्यांनी!

परवा पुतण्यानं फोनवर बॉगसाइड दाखवलं. ही कॅथलिकांची, म्हणजे बहुतेक आयर्लंड एक व्हावं म्हणणाऱ्यांची वस्ती. तिथली एक चाळ पाडली, पण कडेची भिंत तेवढी राखली. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत लिहिलंय, 'तुम्ही आता मुक्त डेरीत येत आहात'. पहिल्यांदा लिहिलं १९६९ च्या जानेवारीत. ना शेड, ना बॉर्डर, तरी नजर हलत नाही.

पुढे एका भिंतीवर शाळेच्या गणवेशातली मुलगी. ॲनेट मॅकगॅव्हिगन, वय १४, १९७१ मध्ये गोळी लागून गेली. चित्र काढलं १९९९ ला. बाजूला बंदूक, वर फुलपाखरू, पण फुलपाखरात रंगच भरला नाही. आदल्याच वर्षी दोन्ही बाजूंचा शांतता करार झाला होता, शांतता टिकेल याचा भरवसा नव्हता. २००६ ला रंग भरला आणि बंदूक मोडलेली दाखवली. अर्धं काम टाकून ॲडव्हान्स घेऊन पळालेले पेंटर आपण पाहिलेत, पण मुद्दाम अर्धं ठेवून सात वर्षं थांबलेला एकही नाही.

ब्रिटनला धरून असणाऱ्या प्रोटेस्टंटांची वस्ती फाउंटन. फुटपाथच्या कडा ब्रिटिश झेंड्यासारख्या लाल-पांढऱ्या-निळ्या, भिंतीवर 'अजून वेढ्यातच आहोत, शरण जाणार नाही'. वेढा कधीचा? १६८९ चा, कॅथलिक राजाच्या फौजेनं घातलेला! त्या मुलीचं चित्र बघायला इकडची पोरं जातात का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काका, पर्यटक जास्त जातात."

आपल्याकडे बघ. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून झालेल्या नामांतर लढ्यात पोचिराम कांबळे गेले, गौतम वाघमारेंनी तुमच्या नांदेडात स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर त्यांची नावं घुमतात, माणसं लांबून येतात. उरलेलं वर्ष त्याच रस्त्यावर 'भावी नगरसेवक'. मला राग फ्लेक्सचा आहे, आणि तो धंदा बुडाला म्हणूनच नाही. भिंतीवर शिवी लिहायची तरी रात्री जागावं लागायचं, हात थरथरायचा, सकाळी तिच्यावरूनच कामाला जायचं. आता फोनवर मजकूर सांगितला की तासात छापून तयार, टांगायला रोजंदारीची पोरं. राग सुद्धा भाडोत्री झालाय. वाऱ्यानं फाटला की दुसऱ्याचा लागतो, पुसायचीही कुणाला तसदी नाही.

'नामांतर झालेच पाहिजे' आपण गेरूनं लिहायचो, त्या भिंतींचे फोटो तुझ्या पत्र्याच्या डब्यात होते. पुतण्याला पाठवायचेत. नातवाला सांगून व्हॉट्सॲपवर टाक, आणि कुठली भिंत कुठली ते मागे लिहिलेलं असेल तर तेही टाक. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू पेंटर