परत पाठवलेला कागद

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, राष्ट्रपती म्हणजे मंत्रिमंडळाने पुढे केलेल्या कागदावर सही करणारे पद, हे तुमचे मत बऱ्याच अंशी राज्यघटनेला धरूनच आहे, तरीही माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या कारकिर्दीविषयी वाचल्यानंतर, त्या सहीआधी किती काही करता येते, हे मला प्रथमच नीट उमगले. म्हणून फोनवर वाद न घालता सविस्तर लिहीत आहे.

त्रावणकोर संस्थानातल्या (आजच्या केरळमधल्या) उझवूर या खेड्यात, एका गरीब दलित कुटुंबात ते जन्मले. शाळेत घालताना काकांना खरी जन्मतारीख ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी २७ ऑक्टोबर १९२० अशी नोंदवली आणि कागदोपत्री तीच जन्मभर राहिली. (आई, तुझ्या दाखल्यावरची १ जून आठवली!) फी थकली की ते वर्गाबाहेर उभे राहून धडे ऐकत आणि दम्यामुळे घरी असलेला थोरला भाऊ त्यांना पुस्तके उतरवून देई. १९४३ साली इंग्रजी साहित्यात ते विद्यापीठात पहिले आले. पुढे थोडी पत्रकारिता, मग टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जिथे बाबासाहेबही शिकले होते. तिथले प्राध्यापक हॅरॉल्ड लास्की यांचे पत्र घेऊन ते नेहरूंना भेटले आणि १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झाले. १९६२ च्या युद्धानंतर चीनमध्ये गेलेले पहिले भारतीय राजदूत तेच. नंतर दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे (जेएनयू) कुलगुरुपद, वॉशिंग्टनमधील राजदूतपद, केरळमधील ओट्टपालममधून तीनदा लोकसभा आणि १९९२ मध्ये उपराष्ट्रपतिपद.

अशा वाटचाली आपण भाषणांतून पुष्कळ ऐकतो. मला अधिक मोलाची वाटतात ती १९९७ नंतरची पाच वर्षे. त्या वर्षीच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन उभे होते आणि त्यांना आपल्याकडच्या शिवसेनेचा पाठिंबा होता, हे तुम्हाला आठवत असेल. नारायणन प्रचंड बहुमताने निवडून आले आणि तीनच महिन्यांत गुजराल मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशातील कल्याणसिंह सरकार बरखास्त करून राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांच्याकडे धाडली. त्या सरकारने नुकताच विधानसभेत विश्वासदर्शक ठराव जिंकला होता. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरून त्यांनी शिफारस परत पाठवली आणि गुजराल सरकारने ती सोडून दिली. पुढच्या वर्षी वाजपेयी सरकारने बिहारमधील राबडीदेवींच्या सरकारबाबत तशीच शिफारस केली, तेव्हा तीही परत गेली. दिल्लीत सरकार दोन वेगळ्या आघाड्यांचे होते, पण लावलेला निकष एकच होता.

आई, तुला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत ते इतरांसारखे रांगेत उभे राहिले आणि त्यांनी मतदान केले. पदावर असताना सार्वत्रिक निवडणुकीत मत देणारे ते पहिलेच राष्ट्रपती. आणि सरकार राज्यघटनेच्या आढाव्यासाठी आयोग नेमण्याच्या तयारीत असताना, २७ जानेवारी २००० रोजी, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांनी विचारले, की राज्यघटना अपयशी ठरली आहे, की आपण राज्यघटनेच्या बाबतीत अपयशी ठरलो आहोत? सरकारने लिहून दिलेल्या भाषणात असा प्रश्न सापडला नसता, असे मला वाटते.

बाबा, तुमचा आक्षेप जिथे खरोखर लागू पडतो, ती जागाही सांगितली पाहिजे. फेब्रुवारी १९९९ मध्ये, बिहारमधील दलितांच्या हत्याकांडांनंतर, मंत्रिमंडळाने शिफारस पुन्हा पाठवली आणि या वेळी त्यांनी सही केली. राज्यसभेत बहुमत नसल्याने सरकारला ती राजवट मार्चमध्ये मागे घ्यावी लागली. दुसऱ्यांदा आलेला सल्ला बंधनकारक असतो, त्यामुळे त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, असे मी मानते. तुम्ही कदाचित मानणार नाही. तुमचे म्हणणे सवडीने लिहून कळवा.

तुमची,
लेक