पाटाच्या कडेने

धुळे

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. माझे बूट तुझ्याकडे हीटरवर वाळत राहिले. पुढच्या खेपेला आण, घाई नाही.

निघताना विमानतळावर तू हिरमुसली होतीस. "बाबा, पॅरिस राहिलं, राजवाडे राहिले. मी तुम्हाला नुसती तळी नि चर दाखवले." गर्दीत तेव्हा काही बोललो नाही, म्हणून आता लिहितो.

आधी जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातलं ब्रोकन शिखर उरकतो. उंची ११४१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा पाचशे मीटरने ठेंगणा. तुझ्या आईला वाफेच्या इंजिनाच्या गाडीचं अप्रूप, ते पुरेपूर फिटलं. माथ्यावर धुकं एवढं, की तिने काढलेल्या फोटोत मी नाहीच, फक्त माझी टोपी आहे. वर्षातले तीनशे दिवस तिथे धुकं असतं, हे तू गाडीत बसल्यावर सांगितलंस! पण हा माथा पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या सीमेवरचं लष्करी ठाणं होता, ३ डिसेंबर १९८९ रोजी लोकांनी चालत जाऊन फाटक उघडायला लावलं, हे ऐकलं आणि त्या धुक्यात कुडकुडल्याचं सार्थक झालं.

वाटेतली वाळलेली झाडं मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत. खाणींना लाकूड हवं म्हणून डोंगरच्या डोंगर एकट्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाने भरले. मग पावसाने ओढ दिली आणि खोडात भुंगेरे शिरले. खानदेशातल्या कापूसवाल्याला ही गोष्ट नव्याने सांगायला नको.

आता तुझ्या तळ्यांकडे येतो. ओडरटाइख तलावाच्या भरावावर मी तासभर रेंगाळलो आणि तुम्ही दोघी वैतागलात. अगं, ते धरण १७१५ ते १७२२ या काळात बांधलंय. पुरं झालं तेव्हा पहिल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं मिळून जेमतेम दोन वर्षं झाली होती. साठा सुमारे १७ लाख घनमीटर, आमच्या पाटबंधारे खात्याच्या भाषेत साठ दलघफू, म्हणजे साठ दशलक्ष घनफूट. आपल्याकडे एवढ्याला लघुप्रकल्प म्हणतात आणि उद्घाटनाला कोणी मंत्रीही येत नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत जर्मनीतलं हे सर्वात मोठं धरण होतं. ग्रॅनाइटचे ते धोंडे मी हात लावून पाहिले. सांध्यांत शेवाळ आहे, पण एक दगड हललेला दिसला नाही.

आणि हे सगळं शेतीसाठी नव्हे, चांदीसाठी! खाण खोल गेली की पाण्याने भरते. उपसायला पंप हवेत, पंप ओढायला चाक हवं आणि चाक फिरवायला पुन्हा पाणीच. म्हणून डोंगरावर तळी बांधायची आणि तिथून पाट काढून पाणी खाणीच्या तोंडाशी न्यायचं. आजही यातले ६५ तलाव आणि ७० किलोमीटर पाट वापरात आहेत. २०१० साली हे सारं युनेस्कोच्या यादीत गेलं. आपल्या पांझरा नदीवरच्या फडांना, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या पद्धतीला, तसला मान नाही. पाटकरी, हवालदार, पाळी, सगळं तितकंच काटेकोर असूनही. असो, हे माझं जुनं दुखणं.

सांक्ट आंद्रेआसबेर्गची सामसन खाण पाहताना तुझ्या आईने डोळे मिटले होते. त्या दोन लोंबत्या दोरांवर पावठ्या लावलेल्या. एक दोर वर गेला की दुसरा खाली येतो. कामगाराने दर हेलकाव्याला एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत खाली जायचं किंवा वर यायचं. हे १८३७ पासूनचं. त्याआधी शिड्या, आणि खाण आठशे मीटरहून खोल! खाण १९१० मध्ये बंद पडली, तरी पाटाचं पाणी अजून खाणीच्या त्याच उभ्या विहिरीत उतरतं. १३० आणि १९० मीटर खाली बसवलेल्या जनित्रांवर वीज होते. पाट वाया गेला नाही, याचा मला चांदीपेक्षा जास्त आनंद झाला.

पण खरा दिवस रेबेर्गर ग्राबेनचा. ओडरटाइखचं पाणी खाणीकडे नेणारा सात किलोमीटरचा पाट आणि त्याच्या कडेने पायवाट. चढ नाही, उतार जाणवत नाही, म्हणून माझा गुडघा कुरकुरला नाही. एका बाजूला कातळ, दुसरीकडे दरी आणि मधून दीड हात रुंद काळंभोर पाणी. जर्मन कवी गटे १७८३ साली जिथे दगड न्याहाळत थांबला, ती जागा तू दाखवलीस. मी मान डोलावली, पण लक्ष पाण्याकडेच होतं. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून पाटावर फांद्या अंथरत, हे तू तिथेच सांगितलंस. थंडीत पहाटे पाळी धरणारे आपले पाटकरी आठवले.

बीच झाडाचं एक पिवळं पान उचलून मी पाण्यात सोडलं, तेव्हा तू हसलीस. तो खेळ नव्हता. आम्ही नोकरीत पाण्याचा वेग असाच मोजायचो, पान टाकून आणि पावलं मोजून. माझं पान आणि मी जवळजवळ बरोबरीने चाललो, मग ते एका मुळीला अडकलं आणि तुम्ही हाका मारल्यात. मोजणी अर्धीच राहिली.

तर एक काम कर. बर्फ वितळलं की तिथे जा. कातळाजवळच्या सरळ भागात वीस पावलं मोज, पान सोड, घड्याळ बघ. तीनदा कर आणि तिन्ही आकडे कळव. काठी बुडवून खोलीही बघ.

आईने मेतकूट ठेवलंय, पाठवतो.

तुझे
बाबा