३६०० बदलायचा की एएम५ वर जायचं?

प्रिय मंदार,

गेम अडखळतात म्हणून रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर तेवढा बदलावा की सगळंच बदलून एएम५ या नव्या सॉकेटवर जावं, हे ठरवण्याआधी बिनपैशाची एक तपासणी कर. ज्या गेममध्ये अडखळतं, त्यात रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आण, बाकी काही हलवू नकोस. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसर कमी पडतोय. भरपूर वाढले तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे आणि हे पत्र इथेच मिटून ठेव. टास्क मॅनेजर 'सीपीयू ५५ टक्के' दाखवतो त्यावर जाऊ नकोस. गेमचा मुख्य थ्रेड (कामाचा धागा) प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पिळून निघत असतो, बारा थ्रेडच्या सरासरीत ते दिसत नाही.

मग बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का बघ. बंद असेल तर ३२००ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रखडते, आणि ३६००चा इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतला डेटाचा रस्ता) रॅमच्या वेगाशी बांधलेला असल्याने प्रोसेसरही मंदावतो. रॅमची एकच स्टिक असेल तर दुसरी घालणं हाच पहिला खर्च.

एवढं करूनही प्रोसेसरच अडत असेल, तर माझं मत एएम४ वरच, म्हणजे तुझ्या आत्ताच्या सॉकेटवरच, राहण्याचं. एएम५ म्हणजे मदरबोर्ड, डीडीआर५ रॅम आणि प्रोसेसर, तिन्ही नवे. तिथे डीडीआर४ चालतच नाही, आणि २०२५च्या अखेरीस डीडीआर५चे भाव चांगलेच भडकले. तुझ्या ३०६० टीआय ग्राफिक्स कार्डाला तेवढा प्रोसेसर लागत नाही. पुढे मोठं कार्ड घेशील तेव्हा त्या वाटेने जा.

तुझ्या बी४५० चिपसेटच्या बोर्डावर बसणारे खरे उमेदवार ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी. दोघांत आठ कोअर आणि ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधली झटपट मेमरी), तुझ्या ३६००त ३२ एमबी. फ्लाइट सिम्युलेटरसारख्या गेमना हीच कॅशे मानवते, आणि सरासरीपेक्षा १ टक्का लोमध्ये (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमच्या एफपीएसमध्ये) फरक जास्त जाणवतो. ५७००एक्स३डीचा वेग ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत, दुसऱ्याचा ४.५; तेवढ्यासाठी फार जादा मोजू नये. नवे सहज मिळत नाहीत. लॅमिंग्टन रोडवर जुना घेणार असशील तर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पिना बघ. वाकलेली असेल तर घासाघीस न करता पुढे चल. भाव अवाच्या सवा असेल तर साधा ५६०० घे. ३६०० पेक्षा तोही बराच सरस आहे.

आता बसवणं. बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट कर. बोर्डाच्या सपोर्ट यादीत नव्या प्रोसेसरसमोर लिहिलेली आवृत्ती किंवा त्यापुढची हवी. त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरव, कारण प्रोसेसर बदलला की एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षा-किल्ल्यांचा साठा) रीसेट करायचं का असं मशीन विचारतं, आणि 'हो' म्हटल्यावर विंडोज ती की मागतं. कूलर काढण्यापूर्वी दहा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम कर, मशीन बंद करून प्लग काढ, कूलर हळूहळू डावी-उजवीकडे पिळ, मगच उचल. थंड असताना सरळ ओढलास तर लॉक केलेल्या सॉकेटमधूनही प्रोसेसर कूलरला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. ३६०० सोबतचा छोटा कूलर एक्स३डीला पुरत नाही. चांगला सिंगल टॉवर (एका उभ्या मनोऱ्याचा कूलर) लाव. तापमान ८० पार गेलं तरी घाबरू नकोस, ५८००एक्स३डीची मर्यादा ९० आहे. शेवटी एक्सएमपी पुन्हा चालू कर, बायोस अपडेटने ते बंद पडतं.

७२०पीचे आकडे आणि बोर्डाचं मॉडेल कळव.

तुझा,
अव्या